छापील स्तंभांचा प्रवास

दक्षिण अमेरिकेत एक्वादोर नावाचा देश आहे. त्याची राजधानी क्विटो. अँडीज पर्वताच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. तेथे सेंट फ्रान्सिसच्या अनुयायांचा एक जुना मठ असून त्याच्या चर्चसमोर मोठा चमत्कारिक जिना आहे. त्याच्या खालच्या निम्म्या पायऱ्या बाहेर फुगलेल्या आहेत. पाण्यात खडा टाकल्यावर वलये पसरत यावीत तशा त्या चौकात उतरतात. वरच्या निम्म्या पायऱ्या उलट आत वळलेल्या आहेत. दोन्ही अर्धुके मिळून पायऱ्यांचे एक पुरे वर्तुळ होते. आपण पायऱ्या चढून मधल्या गोल ओट्यावर पोचतो आणि तेथून पुढच्या पायऱ्या आपल्याला जणू कवेत घेतात.

हा जिना मूळचा क्विटोचा नव्हे. तो रोमचा. पोपच्या वाड्यातील बेल्वेदेरे चौकाच्या टोकाला ब्रामांते या स्थपतीच्या योजनेप्रमाणे सोळाव्या शतकाच्या आरंभी असा जिना झाला होता. परंतु आज रोमला जाणाऱ्या प्रवाशाने तो शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत. १५५० च्या सुमारास मायकेलअँजेलोने तो काढून टाकून त्या जागी दुसऱ्या घाटाचा जिना केला. म्हणजे जो जिना रोममधून गेला तो अटलांटिक महासागर ओलांडून अँडीजच्या पठारावर राहिला. हे कसे झाले? क्विटोच्या गवंड्यांना त्यासाठी रोम पाहण्याची गरज नव्हती. त्यांच्या मुकादमाजवळ एक छापील पान असले म्हणजे पुरे होते, आणि ते पान १५४० मध्ये व्हेनिसला छापले गेलेले होते.

त्या पानाची आणि त्याच्या भावंडांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. युरोपातील प्रबोधनकाळ म्हटला की आपल्याला चित्रे आठवतात, पुतळे आठवतात, फार तर फ्लॉरेन्सचा घुमट आठवतो. पण लंडनपासून गोव्यापर्यंत आणि मेक्सिकोपासून कलकत्त्यापर्यंत रोमन वळणाचे खांब जे उभे राहिले, ते रोम पाहून आलेल्या माणसांनी उभे केले असे समजणे चूक होईल. बहुतेकांनी रोम पाहिलेलेच नव्हते. त्यांनी कागद पाहिला होता.

छपाईपूर्वी बांधकामाची विद्या कशी चालत असे ते आपल्याला निराळे सांगावयास नको. आपल्याकडे पाथरवटाचा मुलगा बापाच्या हाताखाली दगड धरावयास शिकला, आणि माप सूत्रात बांधून तोंडी चालत राहिले. युरोपातही गवंड्यांचे संघ होते. विद्या गुरूकडून शिष्याकडे जाई आणि परक्यास ती सहज मिळत नसे. ग्रंथ नव्हते असे नाही. विट्रुव्हिअस नावाच्या रोमन स्थपतीने ख्रिस्तापूर्वी पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात दहा भागांचा एक ग्रंथ लिहून सम्राट ऑगस्टस यास अर्पण केला होता. मठांतील लेखनिकांनी हस्तलिखितावरून हस्तलिखित उतरवून हा ग्रंथ चौदा-पंधराशे वर्षे जिवंत ठेवला. परंतु त्यात विट्रुव्हिअसने ज्या थोड्या आकृत्यांचा उल्लेख केला आहे त्या मात्र हरवल्या. याचे कारण सोपे आहे. शब्द उतरवणारा माणूस शहाणा नसला तरी अक्षर अक्षर पाहून बऱ्यापैकी नक्कल करतो. आकृतीची नक्कल करावयास आकृती कळावी लागते. पहिल्या नकलेत रेघ केसभर सरकते, दुसरीत बोटभर, आणि दहाव्या नकलेत खांबाची बाटली होते.

लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती या फ्लॉरेन्टाइन पंडिताला ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. १४५२ च्या सुमारास त्याने वास्तुविद्येवर लॅटिनमध्ये जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात एकही आकृती घातली नाही. जे सांगावयाचे ते शब्दांत सांगितले. इतकेच नव्हे, तर नकला करणारांना त्याने विनंती केली आहे की, बाबांनो, आकडे अंकांत लिहू नका, अक्षरांत लिहा. रोमन अंकांतला एखादा दंड गळाला की बाराचे अकरा व्हावयास कितीसा वेळ! आकड्यांवर ज्याचा एवढा अविश्वास, तो चित्रांवर कसा विसंबणार? हा ग्रंथ १४८५ मध्ये फ्लॉरेन्सला छापला गेला तोही बिनचित्रांचाच, आणि त्याच सुमारास रोममध्ये विट्रुव्हिअस प्रथम छापला गेला तोही तसाच. छापखाना आला, पण प्रथम आला तो शब्दांसाठी.

चित्र छापण्याच्या रीती तोवर दोन झाल्या होत्या. एकीत लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर चित्र काढून रेघांभोवतीचे लाकूड कोरून टाकावयाचे. उरलेल्या उठावदार रेघांवर शाई लावून कागद दाबावयाचा. आपल्याकडे कापडावर ठसे उठवतात तीच जात. हा ठोकळा शिशाच्या खिळ्यांशेजारी एकाच चौकटीत बसतो, म्हणून मजकूर आणि चित्र एका पानावर, एका दाबात छापता येतात. दुसऱ्या रीतीत तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा खोदावयाच्या, शाई त्या चरांत भरावयाची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घ्यावयाचा आणि ओलसर कागद रुळाखाली इतक्या जोराने दाबावयाचा की तो चरांतली शाई उचलून घेईल. रेघ अतिशय बारीक येते. पण पत्रा निराळ्या यंत्रावर छापावा लागतो आणि खर्च वाढतो. ही दुसरी रीत महाराष्ट्रास अपरिचित नाही. नाना फडणविसांच्या मनात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरवून छापावयाचे होते. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर १८०५ मध्ये मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेले, आणि ते पत्रे एका तांबटाच्या हातचे होते.

मिलानमध्ये १४८१ साली बेर्नार्दो प्रेवेदारी नावाच्या कारागिराने ब्रामांतेच्या चित्रावरून एका भग्न मंदिराचा भला मोठा पत्रा कोरला. वास्तूचे असे स्वतंत्र कोरीवचित्र म्हणून त्यास आद्यत्वाचा मान देतात. पण ते कल्पनाचित्र होते. त्यावरून कोणी घर बांधू शकला नसता. १५११ मध्ये फ्रा जोकोंदो या विद्वान साधूने व्हेनिसला विट्रुव्हिअसची सव्वाशेहून अधिक लाकडी ठशांची आवृत्ती काढली, १५२१ मध्ये कोमो येथे चेसारिआनोने तिचे इटालियन भाषांतर सचित्र छापले, आणि रस्ता खुला झाला. तरी ही पंडितांची पुस्तके होती. ज्याला उद्या सकाळी दरवाजा बांधावयाचा आहे त्याला पंडिताचे भाष्य नको असते. त्याला दरवाजा हवा असतो.

तो दरवाजा ज्याने दिला त्या सेबास्तिआनो सेर्लिओकडे आता वळू. सेर्लिओ हा १४७५ चा, बोलोन्याचा. रोममध्ये तो बाल्दास्सारे पेरुत्सी या थोर स्थपतीच्या हाताखाली होता. पेरुत्सी जुन्या रोमचे अवशेष वर्षानुवर्षे मोजत होता व त्यांची रेखाटने करत होता. तशात ६ मे १५२७ हा दिवस उजाडला. पगार थकलेले सम्राट पाचव्या चार्ल्सचे सैन्य रोमवर तुटून पडले आणि कित्येक महिने शहर लुटीच्या स्वाधीन राहिले. पेरुत्सी सैनिकांच्या हाती सापडला व त्याचे हाल झाले. कलावंत, कोरीवकाम करणारे, छापणारे, सारे वाट फुटेल तिकडे पांगले. सेर्लिओ व्हेनिसला आला. वय पन्नाशीपलीकडे, हाती मोठे काम नाही, पदरी पुंजी नाही. जवळ होती ती डोक्यातली मापे. आणि पुढे १५३६ मध्ये पेरुत्सी वारल्यावर त्याच्या रेखाटनांतला काही वाटा.

व्हेनिस ही त्या वेळी छापखान्यांची राजधानी होती. १५२८ मध्ये सेर्लिओने कोरीवकाम करणारा आगोस्तिनो व्हेनेत्सिआनो यास हाताशी धरून व्हेनिसच्या सरकारकडे अर्ज केला, की आम्ही खांबांच्या तळखड्यांची आणि शीर्षांची चित्रे कोरून काढत आहोत, ती दुसऱ्या कोणास छापू देऊ नयेत. अशी नऊ सुटी चित्रे निघाली. पुढे १५३७ मध्ये पुस्तक निघाले, आणि त्याला नाव होते 'चौथा भाग'! पहिले तीन भाग अजून लिहावयाचे होते. बाजाराला प्रथम काय हवे हे या वृद्धाने बरोबर ओळखले होते. लोकांना भूमिती नको होती, खांब हवे होते.

या पुस्तकाची भाषा लॅटिन नव्हती, साधी इटालियन होती. मजकूर चित्रासाठी होता, चित्र मजकुरासाठी नव्हते. आरंभीच एका पानावर पाच खांब शेजारी शेजारी उभे केलेले: ठेंगणा व धष्टपुष्ट टस्कन, त्याच्याहून उंच डोरिक, मग आयोनिक, मग कोरिंथियन आणि शेवटी सडपातळ कॉम्पोझिट. उंची व्यासाच्या पटीत: सहा, सात, आठ, नऊ, दहा. शाळेतील मुलाला परवचा द्यावा तसे हे पाठ होण्याजोगे आहे. टस्कन किल्ल्यांना आणि वेशींना, डोरिक वीर संतांच्या मंदिरांना, कोरिंथियन कुमारी मातेच्या मंदिराला, अशी वाटणीही त्याने करून दिली. मधे मोठी कमान आणि दोन्ही बाजूंस सपाट माथ्याच्या दोन अरुंद फटी, ही खिडकी त्याच्या पुस्तकामुळे इतकी पसरली की तिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. ती मुळात त्याने शोधलेली नाही.

येथे आम्हांस थोडे थांबून एक गोष्ट सांगावयाची आहे, कारण तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. हे 'पाच' कोठून आले? विट्रुव्हिअसने कॉम्पोझिटचे नावही घेतलेले नाही. टस्कन त्याने मंदिराच्या एका प्रकारापुरता सांगितला आहे. प्राचीन रोमच्या गवंड्यांना कोणी 'खांबांच्या जाती किती?' असे विचारले असते तर त्यांनी 'पाच' असे तत्काळ उत्तर दिले असते, याला काहीही पुरावा नाही. उलट, अवशेष मोजावयास जावे तो एकाचे माप दुसऱ्याशी जुळत नाही. सेर्लिओलाही हे ठाऊक होते; ग्रंथ एक सांगतो आणि दगड दुसरेच सांगतात, याची त्याने जागोजाग कबुली दिली आहे. पण शेजारी शेजारी उभ्या केलेल्या त्या पाच चित्रांनी आपले काम केले. पुढच्या चारशे वर्षांत ज्याला लोक प्राचीनांचा सनातन नियम म्हणून डोक्यावर घेत होते, तो या सुटसुटीत रूपात छापखान्याइतकाच जुना होता. धर्मशास्त्रात काय आणि शिल्पशास्त्रात काय, यादी छापली गेली की ती सनातन होते.

सेर्लिओचे नशीब मात्र त्याच्या पुस्तकाइतके बलवत्तर नव्हते. १५३९ मध्ये, मूळ पुस्तकाला पुरती दोन वर्षे होतात न होतात तोच, अँटवर्पच्या पीटर कूके याने ते फ्लेमिशमध्ये भाषांतरून छापले. सेर्लिओला विचारले नाही, पैसा दिला नाही. पाठोपाठ त्याने जर्मन व फ्रेंच आवृत्त्याही काढल्या. १५५२ मध्ये टोलेडोला स्पॅनिश भाषांतर झाले, आणि स्पेनच्या जहाजांतून पुस्तक नव्या जगाकडे निघाले. १६११ मध्ये लंडनला रॉबर्ट पीकने इंग्रजी सेर्लिओ छापला तो डचवरून, म्हणजे चोरीच्या मालाची चोरी. व्हेनिसच्या सरकारचा हुकूम व्हेनिसच्या बाहेर कोण मानणार? आम्हांस या चोरांचा राग येत नाही असे नाही. परंतु क्विटोच्या जिन्यापर्यंत सेर्लिओचे नाव पोचले ते अशाच हातांतून, हेही विसरता येत नाही.

१५४० मध्ये त्याने रोमच्या अवशेषांचा 'तिसरा भाग' फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यास अर्पण केला, आणि १५४१ मध्ये राजाने त्यास फाँतेनब्लोला बोलावून घेतले. पहिला, दुसरा व पाचवा हे भाग फ्रान्समध्ये छापले गेले. पण १५४७ मध्ये राजा वारला. नव्या राजाने बांधकामे फिलिबेर दलोर्म या फ्रेंच स्थपतीकडे सोपवली, आणि म्हातारा परदेशी माणूस बाजूला पडला. लिओंमध्ये तो दिवस कंठू लागला. तेथे त्याने आपली हस्तलिखिते आणि रेखाटने याकोपो स्त्रादा नावाच्या संग्राहकाला विकली. सुमारे १५५४ मध्ये तो मेला. सातवा भाग स्त्रादाने १५७५ मध्ये फ्रँकफुर्टला छापला; पण सहावा भाग राहून गेला, आणि तो छापून लोकांपुढे यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. या सहाव्या भागाचा विषय काय होता? माणसांची घरे. आणि त्याचा आरंभ राजवाड्यापासून नव्हे, तर गरीब शेतकऱ्याच्या एका खोलीच्या झोपडीपासून होता. तेथून पायरी पायरीने कारागीर, व्यापारी, सरदार करीत तो राजापर्यंत जातो. आमच्या समजुतीप्रमाणे सेर्लिओच्या साऱ्या लिखाणात हाच भाग सर्वांत नवा होता. खांब आणि वेशी साऱ्या युरोपभर गेल्या. झोपडी चारशे वर्षे पेटीत राहिली.

सेर्लिओने लोकांना रूपे दिली, पण मापांचा घोळ राहिलाच. तो घोळ केवढा होता याची आज दशमान पद्धतीच्या दिवसांत कल्पना येत नाही. रोमचा पाल्मो सुमारे बावीस सेंटिमीटर, फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारे अठ्ठावन्न, व्हिचेंत्साचा फूट पस्तीस-छत्तीस. आपल्याकडेही पेशवाईत एका परगण्याचा गज दुसऱ्यात चालत नसे. रोममध्ये मोजलेला खांब अँटवर्पला उभारावयाचा तर आधी हिशेबनीस हवा.

याला उतारा काढला याकोपो विन्योला याने. १५६२ मध्ये त्याने पाच शैलींच्या नियमांचे जे पुस्तक काढले ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. त्यात पुस्तक असे नाहीच. बत्तीस ताम्रपत्रे, आणि जो काय मजकूर असेल तोही पत्र्यावरच कोरलेला. त्याने फूट, पाल्मो सारे टाकून दिले. जेवढी उंची हवी तेवढी घ्या, म्हणतो, आणि तिचे एकोणीस भाग करा. चार भाग खालच्या चौथऱ्याला, बारा भाग खांबाला, तीन भाग वरच्या पट्ट्याला, म्हणजे खांबांच्या माथ्यांवरून जाणाऱ्या तुळईला आणि कंगणीला. आता खांबाच्या बुंध्याची त्रिज्या हे आपले माप, त्याचे नाव मोड्यूल. टस्कन खांब चौदा मोड्यूल उंच, डोरिक सोळा, आयोनिक अठरा, कोरिंथियन वीस. समजा, आपल्याला अडतीस हात उंचीचे डोरिक दर्शन उभे करावयाचे आहे. एकोणिसाने भागले, दोन हातांचा एक भाग आला. चौथरा आठ हात, खांब चोवीस हात, वरचा पट्टा सहा हात. चोवीस हातांचे सोळा मोड्यूल, म्हणजे मोड्यूल दीड हात आणि खांबाचा व्यास तीन हात. झाले! हात कोणाचा, याची कागदाला पर्वा नाही. ज्याला त्रैराशिक येते आणि ज्याच्याजवळ कंपास आहे त्या कोणत्याही गावच्या गवंड्याला रोमन खांब काढता येऊ लागला. विन्योलाचे हे लहानसे पुस्तक पुढे विसाव्या शतकापर्यंत नाना भाषांत पुन्हापुन्हा छापले जात राहिले. कलावंत त्याला रुक्ष म्हणत आले, आणि ते रुक्ष आहेच. परंतु उजळणीचे पुस्तक रसाळ असावे अशी अपेक्षा आपण करतो काय?

आंद्रेआ पल्लादिओचे १५७० चे चार भागांचे पुस्तक सर्वांना अधिक परिचित असते, म्हणून त्याविषयी बेताने बोलू. त्याने आपली स्वतःची घरे आणि वाडे प्राचीन मंदिरांच्या पंक्तीला बसवून छापले. आराखडा खाली, दर्शन वर, आणि खोल्यांत लांबीरुंदीचे आकडे. मात्र पुस्तकातला पल्लादिओ आणि दगडविटांतला पल्लादिओ एक नव्हेत. व्हिचेंत्साचे त्याचे कित्येक वाडे पैशाअभावी अर्धेमुर्धे राहिले; पुस्तकात ते पुरे आहेत. शहराबाहेरच्या टेकडीवरचे त्याचे 'रोतोंदा' नावाचे घर पुस्तकात उंच अर्धगोल घुमटाचे आहे. प्रत्यक्षात त्याच्या मृत्यूनंतर स्कामोत्सीने तेथे बसका घुमट चढवला. जगाने कोणता घुमट उचलला? पुस्तकातला. इंग्लंडात केंट परगण्यात अठराव्या शतकात कॉलिन कँपबेलने रोतोंदाची जवळजवळ हुबेहूब नक्कल केली, आणि तिच्यावर उंच घुमट घातला. थंड देश असल्यामुळे शेगड्यांचा धूर जावयास वाट हवी होती. ती धुराडी त्याने घुमटाच्या दोन कवचांमधून वर नेली. इटलीच्या उन्हासाठी काढलेले घर इंग्लंडच्या धुक्यात गेले म्हणजे असे काही तरी करावे लागते.

कागदावर न विसंबता पडताळा पाहणाराही एक निघाला. इनिगो जोन्स हा इंग्रज स्थपती १६१३-१४ मध्ये इटलीत गेला तो पल्लादिओचे पुस्तक काखेत मारूनच. प्रत्येक इमारतीसमोर उभा राहून तो चित्र आणि वस्तू ताडून पाही आणि फरक समासात टिपून ठेवी. ती प्रत ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात आजही आहे. घरी आल्यावर त्याने ग्रिनिच येथे राणीचा वाडा आणि लंडनला १६१९ ते १६२२ या काळात मेजवानीगृह बांधले, तेव्हा लाकडी चौकटींच्या आणि निमुळत्या छपरांच्या त्या शहरात ती इमारत परकी पाहुणी वाटली असेल. उलट अमेरिकेचा अध्यक्ष थॉमस जेफरसन पल्लादिओचा एवढा भक्त, पण १७८७ मध्ये उत्तर इटलीत जाऊनही व्हिचेंत्सापर्यंत तो पोचला नाही. त्याची भक्ती पुस्तकावरच राहिली.

आता या साऱ्या वैभवाची दुसरी बाजू पाहू. ज्या अवशेषांची चित्रे छापून विकली जात होती, ते अवशेष त्याच वेळी रोममध्ये फोडले जात होते. संगमरवर भट्टीत घातला की उत्तम चुना होतो. राफाएलने १५१९ च्या सुमारास पोप दहावा लिओ यास जे पत्र तयार केले, त्यात हा आक्रोश आहे, की आज दिसणारे हे नवे रोम जुन्या संगमरवराच्या चुन्याने बांधले जात आहे. मौज अशी की, १५१५ मध्ये याच राफाएलला पोपने जुन्या दगडांवर देखरेखीचा अधिकार दिला होता तो मुख्यतः सेंट पीटरच्या नव्या बांधकामाला दगड मिळावा म्हणून. त्याच पत्रात इमारतीची रेखाटने कशी करावीत हेही सांगितले आहे: आराखडा निराळा, बाहेरची भिंत निराळी, आतली भिंत निराळी, आणि मापे खरी. दगड वाचवता येत नसेल तर निदान माप वाचवावे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

लाफ्रेरी नावाच्या एका परदेशी व्यापाऱ्याने रोममध्ये यावर मोठे दुकान चालवले. मंदिर, कमान, रंगमंडल, प्रत्येकाचे सुटे कोरीवचित्र. यात्रेकरूने हवी ती निवडावीत आणि घरी जाऊन बांधून घ्यावीत. आज त्या चित्रांचे गठ्ठे म्हणजे काही इमारतींचे मृत्युपत्र होऊन बसले आहेत. ब्रामांतेने बांधलेले आणि पुढे राफाएलने घेतलेले घर आज त्या रूपात नाही. त्याचे दर्शन कसे होते हे आपण लाफ्रेरीच्या १५४९ च्या चित्रावरून जाणतो. सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसने इसवी सन २०३ मध्ये बांधलेली सेप्टिझोडिअम ही स्तंभांची तीन मजली भिंत १५८८-८९ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने पाडविली व तिचे दगड आपल्या बांधकामांना लावले. तीही आता कागदावरच उभी आहे. तिचे कागद जपून ठेवणारे आणि ती पाडणारे यांची श्रद्धा एकाच रोमवर होती.

गोव्यातील जुन्या राजधानीत जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानी ठेवून पाहावे. १५६२ मध्ये आरंभ झालेले से कॅथेड्रल बाहेरून टस्कन आणि आतून कोरिंथियन वळणाचे आहे. १५९४ ते १६०५ मधील बॉम जेझुच्या दर्शनावर वेगवेगळ्या शैलींचे खांब आणि अर्धस्तंभ एकावर एक रचलेले दिसतील. भिंत जांभ्याची, बारीक कोरीव काम काळ्या दगडाचे, आणि तो दगड वसईहून आणला असे सांगतात. आज लाल जांभा उघडा दिसतो तो मूळचा नव्हे. वरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. कोरिंथियन शीर्षावर जे पान असते ते भूमध्य समुद्राकाठच्या अकँथस या झुडपाचे. स्थानिक कारागिरांनी ते झुडूप पाहिलेले नसणारच. त्यांच्या हाती जे आले ते पानाचे चित्र, किंवा चित्रावरून कोणी केलेले दुसरे पान. आणि त्यांची छिन्नी तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देवळांच्या पानाफुलांवर चाललेली. कित्येक ठिकाणी ते पान हळूच आपल्याकडचे होते, हे निरखून पाहणाऱ्यास दिसल्यावाचून राहणार नाही.

मुंबईच्या टाऊन हॉलचे खांब मात्र या कुळातले नव्हेत. १८३३ मध्ये पुरी झालेली ती इमारत पाहा: डोरिक खांब, पण त्यांना तळखडा नाही, खांब सरळ जोत्यावर उभे. सेर्लिओ आणि विन्योला यांचे डोरिक रोमचे होते; खुद्द ग्रीसची मंदिरे त्यांनी पाहिलेली नव्हती, ग्रीस तुर्कांच्या ताब्यात होता. अठराव्या शतकात स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघा इंग्रजांनी अथेन्सला जाऊन मापे घेतली आणि १७६२ पासून ती छापली, तेव्हा कोठे हा बिनतळखड्याचा दणकट खांब युरोपला कळला. म्हणजे एका कागदाने घातलेला कायदा दुसऱ्या कागदाने मोडला.

या कागदांनी आपल्याकडे आणखी एक काम केले, ते सांगून थांबतो. तंजावरच्या भागातील रामराज नावाचे गृहस्थ पुढे बंगळूरला न्यायाधीश झाले. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या या माणसाने 'मानसार' वगैरे शिल्पग्रंथांची खंडित हस्तलिखिते जमवली. ती वाचावयास पंडित मिळाले, परंतु शब्दांचे अर्थ पंडितांस लागेनात. विट्रुव्हिअसच्या बाबतीत झाले तेच येथे झाले होते, शब्द उरले आणि आकृत्या नव्हत्या. तेव्हा रामराज शिल्पी कारागिरांकडे गेले. त्यांच्या मदतीने त्यांनी उपपीठ, अधिष्ठान, स्तंभ आणि प्रस्तर ही चार अंगे लावली, आणि त्यांची मापे ग्रीक-रोमन खांबांच्या मापांशी ताडून पाहिली. त्यांचा निबंध १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने कोरीव चित्रांसह छापला. तो पाहावयास रामराज हयात नव्हते. त्या चित्रांत द्राविडी खांब सेर्लिओच्या पाच खांबांसारखे मोजून मापून उभे आहेत, आणि प्रत्येक वळणापुढे त्याचे माप कोरलेले आहे. ज्या शिल्प्यांनी ते अर्थ सांगितले त्यांच्यापैकी कोणी ते पुस्तक पुढे कधी हातात धरले काय, याचा विचार हे पान उलटताना आमच्या मनात नेहमी येतो.